चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांना ख्रिस्ती विश्वासाची सोपी ओळख: सुरुवात कुठून करता?

पिंपळपार (धागाकर्ता)

मंडळी, पुण्यातल्या एका मराठी चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की चहाच्या टेबलापाशी नव्या चेहऱ्यांशी बोलायचं काम सध्या माझ्याकडे आहे. येणारे नाना तऱ्हेचे. नाताळला शेजाऱ्यांबरोबर आलेलं जोडपं, ख्रिस्ती मुलीशी लग्न ठरलेला मुलगा, दवाखान्यात कुणीतरी प्रार्थना केली म्हणून आलेली बाई, आणि हल्ली मोबाइलवर काहीतरी बघून आलेली कॉलेजची पोरं. बहुतेकांनी बायबल कधी उघडलेलं नसतं. ज्यांनी उघडलेलं असतं त्यांची पंचाईत वेगळी. नवा करार हाती आला की पहिल्याच पानावर मत्तयाची वंशावळ, अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत बेचाळीस पिढ्या. जुन्या करारापासून लागलं तर उत्पत्ती आणि निर्गम उत्साहात पार पडतात, लेवीयमधले होमार्पणांचे नियम आले की पुस्तक मिटतं ते मिटतंच.

आमच्याकडे नवागतांसाठी छापील धडेमाला आहे. क्रम ठरलेला: देव, मनुष्य, पाप, तारण, बाप्तिस्मा. धड्यांत चूक काही नाही, पण येशू भेटायला फार उशीर होतो आणि तोवर माणसं गळतात. म्हणून मी मार्काच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) सुरू करतो. सोळा अध्याय, मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तासांचं काम. जन्मकथा नाही, वंशावळ नाही. नदीवर योहान बाप्तिस्मा देतोय, तिथे येशू येतो, मग गालीलात कोळ्यांना हाक मारतो, मग कफर्णहूमात दारापुढे आजाऱ्यांची गर्दी. चौथ्या अध्यायात वादळ शमतं तेव्हा शिष्यच एकमेकांना विचारतात की हा आहे तरी कोण. माझं म्हणणं एवढंच आहे की उत्तर सांगण्याआधी हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडू द्यावा.

तुम्ही काय करता? जे बाहेरून आले किंवा येऊन नुसते बघून गेले, त्यांना काय कळलं आणि कुठे अडलं, हे विशेष ऐकायचंय. खरा देव कोणता यावर वाद घालायचा असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

नगरी_मिसळ

वडील नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांवर पाळक होते. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. चपला बाहेर, खाली सतरंजी, एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. नवं कुणी आलं की वडिलांचं ठरलेलं होतं, लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. "एका मनुष्याला दोन पुत्र होते," एवढं म्हणायचे आणि थांबायचे.

ही गोष्ट पाश्चात्त्य पुस्तकांत "उधळ्या पुत्राची" म्हणून सांगतात. आमच्याकडं ती वाटणीची गोष्ट होती. बाप जिता असताना धाकटा म्हणतो, माझा हिस्सा दे. इथंच सभेत कुजबुज सुरू व्हायची, कारण तसं झालेलं घर गावात असायचंच. मग तो पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखतो, त्यांच्या शेंगांवर पोट भरायला तयार होतो. परत येतो तर बाप लांबूनच बघतो आणि म्हातारा माणूस धावत सुटतो. इथपर्यंत सगळ्यांचे डोळे ओले.

आणि मग थोरला. तो शेतातून येतोय, घरात वाजाप ऐकू येतं, गड्याला विचारतो काय चाललंय. कळल्यावर आत पाऊल टाकत नाही. एवढी वर्षं राबलो, मला कधी एक करडू दिलं नाहीस म्हणतो. अर्धी सभा इथं थोरल्याच्या बाजूची. "बराबर हाय त्याचं!" म्हणणारे म्हातारे मी पाह्यलेत. वडील भांडू द्यायचे, अजिबात मधे पडायचे नाहीत. सगळं बोलून झालं की सांगायचे, बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर आला, एकदा धाकट्यासाठी आणि एकदा थोरल्यासाठी. आणि थोरला शेवटी आत गेला का, ते येशूनं सांगितलेलंच नाही. लोक वाटभर तेच बोलत घरी जायचे.

दुसरी त्यांची आवडती मत्तय विसावा. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, परत नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, ती पण शेवटी आलेल्यांपासून सुरू. ज्यानं मजूर अड्ड्यावर उभं राहून पाहिलंय त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्याला ती पटत नाही, आणि न पटणं हीच सुरुवात आहे. पाच वाजेपर्यंत का उभे होता असं मालक विचारतो तेव्हा ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. ह्या वाक्यावर वडील फार रेंगाळायचे.

तर्कट

गोष्टी छान आहेत. पण स्पष्टच विचारतो, हा धागा धर्मप्रसाराचा आहे ना? आणि दुष्काळात धान्य देऊन बाप्तिस्मे झाले हा नगर जिल्ह्याचाच इतिहास आहे, तो सोडून "सोप्या ओळखी"बद्दल कसं बोलणार?

पिंपळपार

तर्कट, प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस प्रकरणात असंही म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही; आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतात. मला वैयक्तिकरीत्या ही मर्यादा जाचत नाही. मी समजावून सांगण्यापुरताच आहे, पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

दुष्काळाचं म्हणाल तर १८७६ ते १८७८ आणि पुढे १८९६ ते १९०० या काळात मिशनांनी अन्नछत्रं चालवली, अनाथ मुलं सांभाळली आणि त्याच काळात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे खरं आहे. उपाशी माणसाला जेवू घालणं वाईट म्हणणार नाही. पण जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा होकार किती मोकळा, ही शंका त्या काळातल्या काही मिशनऱ्यांनाही होती. म्हणून आमच्या गटात काही गोष्टी पक्क्या आहेत. शाळेची फी, औषधपाणी, नोकरी यांतली कुठलीही मदत ओळखीच्या वर्गाशी जोडायची नाही. ती देणारी माणसं वेगळी. आईवडिलांना माहीत नसताना अठराच्या आतल्या मुलाला बसवायचं नाही. आणि "प्रार्थना केली की आजार जाईल" असं कुणी बोललं तर मी तिथल्या तिथे थांबवतो. आजारी माणसासाठी प्रार्थना जरूर करावी, गोळ्या बंद करायला सांगू नये.

तर्कट

उत्तर पटलं असं नाही, पण सरळ आहे. वाचतोय.

शेवंता

मी "बाहेरून आलेली". माहेर देशस्थ, सासर वसईकडचं कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांची परवानगी काढून. मी बाप्तिस्मा घेतला नाही आणि अजूनही घेतलेला नाही. त्यामुळे माझा प्रतिसाद कुठल्या खात्यात टाकायचा ते तुम्ही ठरवा.

पहिल्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) माझं काय झालं सांगते. सगळे उभे राहिले, मी उभी राहिले. सगळे बसले, मी बसले. मग गुडघ्यांवर गेले, तिथे माझी साडी अडकली. काय चाललंय ते कुणी सांगेना. मग सगळे रांगेत निघाले, प्रसाद असेल म्हणून मीही उठले. शेजारच्या बाईंनी पदर धरून खाली बसवलं. त्यांनी योग्यच केलं, पण का ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी महिनाभर मनात धरून बसले नसते. आपल्याकडे प्रसाद नाकारणं हा अपमान असतो हो!

माझी खरी ओळख झाली ती स्वयंपाकघरात. राखेच्या बुधवारी सासूबाईंनी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येऊन सांगितलं की आता ईस्टरपर्यंत शुक्रवारी मटण-चिकन नाही, आणि आज उपास. मी म्हटलं, हे तर मला येतं! मग एकेक कळत गेलं. झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी वर्षभर देव्हाऱ्याशी ठेवायची, पुढच्या वर्षी तिचीच राख होते. पवित्र गुरुवारी फादर लोकांचे पाय धुतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मिस्सा नसतोच, घंटा वाजत नाहीत, वेदी उघडी. शनिवारी रात्री अंधारात शेकोटी पेटते, तिच्यावरून मोठी मेणबत्ती आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या. त्या रात्री कुणी काही समजावलं नाही तरी चाललं.

नवीन माणसाला वर्षभर सणांमधून न्या, असं माझं मत. धडे नंतर.

बावखल

शेवंताताई, गुडघ्यांवर साडी अडकणं हा सार्वत्रिक अनुभव आहे, आमच्या सुना सांगतात 😀

वसईकर कॅथलिक म्हणून थोडी भर घालतो. कम्युनियन, म्हणजे रांगेत जाऊन घेतात ती भाकर, ज्यांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) होऊन त्याची तयारी झाली आहे त्यांनाच देतात, कारण तो आमच्यासाठी ख्रिस्ताचा देह आहे आणि तो घेणं म्हणजे या विश्वासाला सर्वांसमक्ष होकार देणं. पाहुण्याकडून असा होकार वदवून घेणं बरोबर नाही. हे दारातच दोन वाक्यांत सांगावं. काही ठिकाणी हात छातीवर दुमडून पुढे गेलात तर फादर आशीर्वाद देतात. तुमच्या धर्मग्रामात (स्थानिक चर्चमध्ये) तशी पद्धत आहे का ते आधी विचारा.

घाई हा खरा रोग आहे. पहिल्या शतकांत प्रौढाला बाप्तिस्म्याआधी बरीच तयारी करावी लागे, काही ठिकाणी तीन वर्षं. ती पद्धत पुढे लोपली आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ मध्ये रोमने ती नव्याने आणली. आधी नुसती चौकशीची पायरी, तिथे कुणी काही कबूल करत नाही. मग उमेदवारीचा काळ, मग लेंटमधली (ईस्टरआधीच्या उपासकाळातली) जवळची तयारी आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि कम्युनियन हे तिन्ही संस्कार एकत्र. त्यानंतरही पेन्टेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीच्या सणापर्यंत) शिकणं चालू. बाप्तिस्मा झाला की "झालं एकदाचं" म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी ही शेवटची पायरी आहे. मधे कुठेही थांबायची मुभा असते, आणि थांबलेल्याला लोक पूर्वीसारखेच चहाला बोलावतात की नाही, यावर त्या धर्मग्रामाची परीक्षा.

मांडवीतीर

गोव्यातून. सोप्या ओळखीची गोष्ट चाललीय आणि अजून कुणी फादर स्टीफन्स काढले नाहीत, म्हणून मीच काढतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातला पाद्री) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. मधली वर्षं बहुतेक गोव्यातल्या साष्टीत काढली. १६१६ मध्ये राचोलला त्याचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. हरळांमाजी रत्नकिळा ही मराठीची थोरवी गाणारी ओवी सगळ्यांना पाठ असते, ती सोडा. मला त्याची सुरुवात जास्त मोलाची वाटते. रविवारी दुपारी नवख्रिस्ती लोकांना शिकवण चाललेली आहे आणि त्यातला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो की आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? म्हणजे मागणी ऐकणाऱ्याची आहे. प्रश्नोत्तरांचं पाठांतर त्यांना पुरत नव्हतं. त्यांना वेळ घालवायला, एकत्र बसून म्हणायला काहीतरी हवं होतं. आणि पुढेही श्रोते मधे मधे अडवून प्रश्न विचारतात, गुरू उत्तर देतात.

ग्रंथाचे भागही बघा. आधी आदिपुराण, म्हणजे जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा. मग ख्रिस्ताचं चरित्र. तत्त्वज्ञान येतं, पण कथेच्या ओघात.

हे सांगताना साखरपेरणी करत नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन (पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय) आलेलं होतं, देवळं पडलेली होती, देशी ग्रंथ नष्ट केले गेले होते. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात ती जखम आहे. स्टीफन्सचं मराठी कितीही गोड असलं तरी तो प्रश्न कुठल्या परिस्थितीत विचारला गेला ते विसरू नये. तर्कट यांच्या मुद्द्याला हे माझं उत्तर समजा किंवा पुरवणी.

तर्कट

पुरवणी म्हणून घेतो. धन्यवाद.

पंचहौदकर

मी जरा विरुद्ध बोलणार आहे. गोष्टी, सण, ओव्या सगळं गोड आहे, पण माणूस वर्षभर गोष्टी ऐकून गेला आणि क्रूस का, हे त्याला कधीच सांगितलं नाही तर त्याला ओळख कशाची झाली? आमच्या लहानपणी प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं थोडक्यात निवेदन) पाठ असल्याशिवाय दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी, होत नसे. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने १५२९ मध्ये जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली ती घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना आणि नोकरांना शिकवावी म्हणून. प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न: याचा अर्थ काय? चार ओळींत उत्तर. याहून सोपं काय असतं? आजकाल आपण सोपं म्हणतो आणि पातळ करतो.

नगरी_मिसळ

पाठांतराला माझा विरोध नाही काका. प्रभूची प्रार्थना तर पहिल्याच दिवशी द्यावी, ती मागण्यांची प्रार्थना आहे, कुणालाही म्हणता येते. भाकर दे, क्षमा कर, मोहात घालू नको. पण विश्वासांगीकार पहिल्या दिवशी दिला की नवा माणूस "पंतय पिलात" (येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार) या नावाशीच अडखळतो. 😀

बावखल

पंचहौदकर, हा वाद फार जुना आहे. साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या एका डीकनने (चर्चमधल्या सेवकाने), देवग्राशियस त्याचं नाव, संत ऑगस्टीनला पत्र लिहून रडगाणं गायलं की नवीन लोकांना शिकवताना मला स्वतःलाच कंटाळा येतो, बोलणं लांबतं आणि रटाळ होतं. ऑगस्टीनने त्याला उत्तरादाखल अख्खी पुस्तिकाच लिहिली. त्यात तो म्हणतो, आधी विचार की हा माणूस आला का, आणि तो जे सांगेल तिथूनच बोलायला लाग. मग सृष्टीपासून आजच्या मंडळीपर्यंतची (म्हणजे चर्चपर्यंतची) कथा सांग, पण सगळी घोकून नव्हे. ठळक जागी थांब, बाकीचं पटकन ओलांड. शिकलेल्याला वेगळं बोल, अडाण्याला वेगळं. आणि ऐकणारा जांभया देऊ लागला तर त्याला बसायला खुर्ची दे! त्या काळी तिकडे लोक उभ्याने ऐकत. शेवटी नमुन्याची दोन भाषणं दिली आहेत, एक लांब, एक आखूड, म्हणजे वेळ नसेल तर आखूड चालतं हे त्यालाही मान्य.

त्याचाही रोख असा की कथेचा प्रत्येक धागा देवाच्या प्रेमाशी येऊन मिळाला पाहिजे. म्हणजे तुमची अपेक्षा आणि नगरींची पद्धत यांत तो भांडण मानत नाही.

पिंपळपार

पंचहौदकर काका, क्रूस टाळायचा नाहीच. मार्क घेतला तर टाळताही येत नाही, सोळातले शेवटचे सहा अध्याय यरुशलेममधल्या अखेरच्या दिवसांचेच आहेत. मी एवढंच करतो की "तो तुझ्या पापांसाठी मेला" हे वाक्य पहिल्या भेटीत म्हणत नाही. ज्याला येशू कोण हे माहीत नाही त्याला ते वाक्य आरोपासारखं लागतं. पेत्र तीनदा नाकारतो तो प्रसंग आधी वाचतो. कोंबडा आरवल्यावर पेत्र रडतो तिथे लोक स्वतःबद्दल बोलायला लागतात, मला काही म्हणावं लागत नाही. त्यानंतर वधस्तंभ वाचला की पापक्षमेची गोष्ट उपरी वाटत नाही.

त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) मात्र मी अजून चाचपडतोय. पाणी-बर्फ-वाफ हा दाखला कृपया कुणी देऊ नका. एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो असा त्याचा अर्थ होतो आणि ते मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलंय.

पंचहौदकर

त्रैक्य समजावू नका, दाखवा. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचा: पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी. तुमच्या मार्कात पहिल्याच अध्यायात आहे. एवढ्यावर थांबा. बाकी ऑगस्टीनलाही त्यावर पंधरा भाग लिहावे लागले.

पिंपळपार

हे घेतलं. 🙏

निळी_पायवाट

विदर्भातून लिहितेय. घर बौद्ध, मी काही वर्षं एका चर्चमध्ये जात होते, आता क्वचित. एक-दोन गोष्टी कुणी बोलत नाहीये म्हणून.

पहिली. मराठी ख्रिस्ती लोक नव्या माणसाला हमखास कवी ना. वा. टिळकांचं सांगतात, की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांचे अभंग मलाही आवडतात. पण माझ्या घरात तो पूल नव्हता, त्यामुळे मी त्यावरून येणार कशी? ज्याच्या त्याच्या घरात काय आहे ते विचारा. मला पकडून ठेवलं ते योहानाच्या चौथ्या अध्यायाने. भर दुपारी विहिरीवर शोमरोनी (यहूदी ज्यांना दूर ठेवत त्या समाजातली) बाई, आणि यहूदी येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती लगेच विचारते, तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस? पाण्यावर आपलाही हक्क आहे हे ज्या समाजाला चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जाऊन सिद्ध करावं लागलं त्याला ही गोष्ट कुणी फोडून सांगायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं मला म्हणूनच नवऱ्यापेक्षा जास्त पटतं. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० मध्ये, आणि मधल्या काळात आधी मनातून जात काढून टाकली. क्रम तो होता.

दुसरी. जात चर्चच्या दारात चपलेसारखी राहते असं नव्या माणसाला सांगू नका. लग्न जुळवताना बघा कशी आत येते ते. आणि कागदाची बाजू आधीच सांगा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. यावर विचार करायला केंद्राने २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला. बाप्तिस्मा घेतला तर मुलांच्या जातीच्या दाखल्याचं काय होतं हे वर्गात कुणी मला सांगितलं नाही, मला ते बाहेरून कळलं. देवाचं राज्य सांगता तेव्हा तहसील कचेरीही सांगा.

पिंपळपार

हे आमच्या वर्गात बोललं जात नाही. पुढच्या बैठकीत हा मुद्दा तुमच्याच शब्दांत मांडतो, चालेल ना?

निळी_पायवाट

चालेल. नाव नको.

लंडनची_चाळ

इथे इंग्लंडमध्ये "अल्फा" म्हणून अभ्यासक्रम आहे, लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेला, नव्वदच्या दशकापासून जगभर पसरला. आधी एकत्र जेवण, मग छोटं भाषण, मग गटात गप्पा, आणि गप्पांत कुठलाही प्रश्न चालतो. गटप्रमुखाने उत्तरं द्यायची घाई करायची नाही अशी शिस्त असते. मी एकदा गेले होते. जेवणाचा भाग उत्तम. भाषणं मात्र शहरी, शिकलेल्या, धर्म सोडून दिलेल्या इंग्रज माणसासाठी बेतलेली वाटली: देव आहे का, येशू ऐतिहासिक आहे का वगैरे. आपल्याकडे येणाऱ्या माणसाला देव आहे की नाही हा प्रश्न बहुधा नसतोच. त्याचा प्रश्न "मग माझ्या कुलदैवताचं काय?" हा असतो. त्याचं उत्तर त्या अभ्यासक्रमात सापडत नाही. भाषांतर करून जसाच्या तसा आणू नका एवढंच.

शेवंता

कुलदैवताचा प्रश्न बरोब्बर! आमच्याकडे सप्टेंबरात मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला वांद्र्याला जातो तेव्हा अर्धी रांग हिंदूंची असते. मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचा पाय घेऊन. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेलाही तेच असं ऐकलंय. नवसाने आलेल्या माणसाला तिथे कुणी काही सांगतं का?

नगरी_मिसळ

हरेगावला लाखाने माणूस येतं ताई. सांगणारे असतात, पण गर्दीत कोण ऐकणार! आमच्यासारख्या प्रोटेस्टंटांना नवस पटत नाही, पण खरं सांगू का, आमच्या चर्चमध्ये न बोलावता कधी एवढे शेजारी येत नाहीत.

पंचहौदकर

कुलदैवताबद्दल मी गोल बोलत नाही. पहिली आज्ञा, दुसरे देव मानू नका, ती आहे ती आहे. पण ती बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला सांगायची. चहाला आलेल्याला त्याच्या घरातला देव्हारा हलवायला सांगणारा प्रचारक मला दिसला तर मी त्याला चर्चबाहेर काढीन.

सायलीची_वेल

मी फक्त वाचक. एक साधी शंका. मैत्रिणीच्या आईला (वय पंचाहत्तर, डोळे अधू, मराठी शाळा सातवीपर्यंत) येशूबद्दल वाचायचंय, सहज कुतूहल म्हणून. पूर्ण बायबल झेपणार नाही. काय देऊ?

पिंपळपार

बायबल सोसायटीच्या दुकानात एकेक शुभवर्तमान वेगळ्या छोट्या पुस्तिकेत मिळतं, किंमत नाममात्र. मोठ्या टायपातला नवा करारही मागा. आजींना मार्कापेक्षा लूक द्या. जन्माची गोष्ट, उधळा मुलगा, चांगला शोमरोनी, जक्कय उंबराच्या झाडावर चढतो ती गोष्ट, सगळं त्यातच आहे आणि बायाही त्यात जास्त भेटतात.

बावखल

कॅथलिक पुस्तकाच्या दुकानात फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल मिळेल. भाषा आजची आहे, टिपा चांगल्या आहेत, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला आहे. फक्त ग्रंथ जाडजूड आहे, आजींच्या हाताला पेलायचा नाही. तुम्ही वाचून दाखवा.

मांडवीतीर

पंडिता रमाबाईंचं भाषांतरही लक्षात असू द्या. हिब्रू-ग्रीकवरून एकटीने केलं, १९२२ मध्ये जाण्याआधी पुरं केलं, आणि हेतू हाच की कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं. आज सहज मिळत नाही, जुन्या ग्रंथालयात सापडलं तर बघा.

सायलीची_वेल

लूक आणते. वाचून मीच दाखवीन. आजी मधे मधे प्रश्न विचारणार, त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. अडलं तर इथे येऊन विचारलं तर चालेल ना?

नगरी_मिसळ

विचारा की. पंधराव्या अध्यायाला पोचलात की आजी कुणाच्या बाजूच्या निघाल्या ते पण कळवा. माझे पैसे थोरल्यावर.